कोडासाठी अँटिऑक्सिडंट गोळ्या घेताय? मग या चुका टाळा

उन्हाळ्यातली दुपार, गिऱ्हाईक कमी. सोलापुरातल्या विजापूर वेशीकडच्या एक मावशी माझ्या औषधाच्या दुकानात आल्या आणि कॅरीबॅग काउंटरवर उपडी केली. पाच पाकिटं. "दादा, चार महिने झाले की ओ, हे सगळं खातेय. डाग जागचा हलंना. ह्यातलं कुठलं बाद करू?"

मी स्ट्रिपा ओळीने मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पहिली ई जीवनसत्त्वाची, ४०० मिलिग्रॅमची. दुसरी 'अँटिऑक्सिडंट' म्हणून मिळणारी मिश्र कॅप्सूल. तिच्यात पुन्हा ई, शिवाय सेलेनियम, झिंक, बीटा-कॅरोटीन आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड. तिसरी मधुमेहामुळे पायाला मुंग्या येतात म्हणून दिलेली 'नसांची गोळी', तिच्यातही अल्फा लिपोइक अ‍ॅसिड. चौथी क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी. पाचवी पुण्याच्या भाच्याने पाठवलेली गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. पाचही पाकिटं आपापल्या जागी ठीक होती. घोळ एकत्र केल्यावर होता. आणि ज्या डागासाठी हे सगळं चाललं होतं तो कपाळाच्या मधोमध, कंपासने काढावा तसा गोल. त्याच्यावर तेवढीच गोल टिकली चिकटवलेली.

मी औषधं विकणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. पण माझ्या स्वतःच्या घोट्यावर २०११ पासून कोड, म्हणजे पांढरा डाग आहे, आणि पहिलं वर्षभर मीसुद्धा दुकानातल्याच कॅप्सूल काढून खाल्ल्या. हाताशी होत्या, म्हणून. त्यामुळे पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या आहेत.

गोळीला नेमकं काय काम दिलंय?

अँटिऑक्सिडंटचा कोडाशी संबंध कुठून आला, ते आधी सांगतो. त्वचेतल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करतात, आणि त्या कामातच हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे पदार्थ तयार होतात. ते मोडून त्यांचं पाणी आणि ऑक्सिजन करायचं काम कॅटालेज नावाच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. कोड असलेल्यांच्या त्वचेत हे कॅटालेज कमी आणि पेरॉक्साइड जास्त आढळतं. अशा त्रासलेल्या रंगपेशी मदतीची हाक मारतात, आणि ती ऐकून शरीराची संरक्षण फौज येते ती वाचवायला नाही, त्याच पेशींना मारायला. अँटिऑक्सिडंट म्हणजे असले जाळणारे पदार्थ निकामी करणारं द्रव्य, ते या साखळीच्या पहिल्या कडीवर काम करतं. फौज एकदा चाल करून आली की तिला परत पाठवायची ताकद त्याच्यात नाही, आणि मेलेल्या पेशी परत उगवायची तर मुळीच नाही.

म्हणून 'गोळीने रंग का येत नाही' या तक्रारीत प्रश्नच चुकलेला असतो. गोळीकडून पहिली अपेक्षा ठेवायची ती डाग थांबण्याची. चंदीगडच्या डॉक्टरांनी २००३ साली गिंकोचा अभ्यास छापला. हळूहळू पसरणारं कोड असलेल्यांना दिवसातून तीनदा ४० मिलिग्रॅम दिलं. गिंको घेणाऱ्या २५ जणांमध्ये पसरणं थांबण्याचं प्रमाण औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. भरपूर रंग परत आला तो १० जणांना, खोट्या गोळीच्या २२ पैकी २ जणांना. अभ्यास छोटा आहे. पण त्यातसुद्धा भरपूर रंग न आलेले १५ आहेत, हे जाहिरात सांगत नाही.

रंग आणायचं काम मुख्यतः प्रकाशाचं, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी या ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचं, आणि टॅक्रोलिमससारख्या मलमाचं. आपल्याकडे या किरणांच्या उपचाराला 'लाइट घेणं' म्हणतात. इटलीत २००७ साली झालेल्या अभ्यासात अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, क आणि ई यांचं मिश्रण लाइट सुरू करायच्या दोन महिने आधीपासून दिलं आणि पुढे सहा महिने लाइटसोबत चालू ठेवलं. डागाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग भरून आला असे रुग्ण गोळीवाल्या गटात ४७ टक्के होते, नुसत्या लाइटवाल्या गटात १८ टक्के. आकडा चांगला आहे, पण दोन्ही गट लाइट घेत होते. त्याच वर्षी हॉलंडमध्ये पॉलिपोडियम नावाच्या नेच्याचा अर्क, २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, लाइटबरोबर दिला. फायद्याचा कल दिसला तो मुख्यतः डोकं आणि मानेवर. आणि कॅटालेजची नक्कल म्हणून गाजलेलं स्यूडोकॅटालेजचं मलम २००९ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत लाइटच्या जोडीला देऊनही खोट्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही. तेव्हा कुणी 'विदेशी कॅटालेज क्रीम' म्हणून महागडी ट्यूब पुढे केली, तर आधी लाइटचं काय ते विचारा.

नुसती गोळी आणि लाइट नाही, मलम नाही, ही सगळ्यात मोठी चूक. मावशींची हीच होती, माझीही हीच होती.

निदान न करताच सुरुवात

पांढरा दिसला म्हणजे कोडच असं नसतं. घामाने छाती-पाठीवर येणारी शिबं बुरशीची असतात. पोरांच्या गालावरचे फिकट, कोरडे चट्टे बहुतेक वेळा आपोआप जातात. आणि जो डाग सुन्न आहे, ज्याच्यावर कापूस फिरवलेला कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची वेगळी औषधं आहेत आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कोडाच्या डागाला स्पर्श, टोचणं, गरम-गार सगळं नीट कळतं. त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्प नावाचा जांभळट दिवा धरतात, त्यात कोड खडूसारखं झळकतं. सिव्हिलला केसपेपर काढून त्वचेच्या ओपीडीत दाखवा नाहीतर खासगीत दाखवा, पण गोळीच्या आधी दाखवा. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कोडाबरोबर तो बिघाड बऱ्याच जणांत सापडतो.

रोज डागाला डिवचायचं आणि गोळीला दोष द्यायचा

मावशींच्या कपाळाकडे परत येतो. टिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. ते मेलॅनिनच्या कच्च्या मालासारखं दिसतं, म्हणून रंगपेशी फसते आणि त्याला आत घेते. तिथे पुन्हा तोच जाळ होतो. म्हणजे वरून गोळीने विझवायचं आणि टिकलीने रोज पेटवायचं. रबराच्या काही चपलांच्या पट्ट्यांत, केसांच्या डायमध्ये, चिकटवायच्या गोंदातही असली रसायनं सापडतात. डागाचा आकार टिकलीचा, पट्ट्याचा किंवा घड्याळाचा असेल तर आधी ती वस्तू सोडा. माझ्या घोट्याचा डाग थेट सँडलच्या बंदाखाली होता. ते कळायला मला आठ महिने लागले, आणि मी दुकानात लोकांना अक्कल शिकवत होतो!

टिकली सोडा म्हणणं मला सोपं आहे. "कपाळ मोकळं ठेवून हळदीकुंकवाला कशी जाऊ?" असं मावशींनी विचारलंच. तोडगा साधा काढला. डिंकाची टिकली पूर्ण बंद, कार्यक्रमापुरतं कुंकू, तेही डाग सोडून थोडं वर, आणि घरी आल्या आल्या पुसायचं. खाज सुटली तर तेही बंद.

दुसरं डिवचणं घासण्याचं. कोड पसरत असेल तेव्हा जिथे खरचटतं, दाबतं, भाजतं तिथे नवा डाग उठतो. परकराची नाडी कमरेला करकचून बांधायची, वर सोलापूरचा घाम. कमरेभोवती पांढरा पट्टा आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. नाडी सैल करा, रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या, बांधायची जागा अधूनमधून वर-खाली करा. विड्या वळणाऱ्या बायकांची बोटांची पेरं तेंदूपान कापून, दुमडून दिवसभर घासली जातात. त्यांना मी एक गोष्ट आधीच सांगतो. रंग परत येतो तो केसांच्या मुळाशी दडलेल्या साठ्यातून, आणि बोटाच्या टोकाला केसच नसतात. ओठांचंही तेच. तिथे चार महिन्यांत काही दिसलं नाही म्हणजे औषध खोटं, असा अर्थ काढू नका. चेहऱ्याचा डाग आणि बोटाचा डाग एका मापाने मोजायचे नसतात. डागावरचे केसच पांढरे झाले असतील तर तिथला साठा संपत आलाय असं समजून डॉक्टरांशी पुढचं बोला. वर्षभर डाग स्थिर असेल तर रंगपेशी रोपणाची शस्त्रक्रिया करता येते.

तिसरं डिवचणं घरगुती उपायांचं. बिब्बा, लसणाचा ठेचा, लिंबू चोळणं यांनी कातडी भाजते, आणि भाजल्या जागी कोड वाढू शकतं. बावचीचं तेल तर हल्ली 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट तेल' म्हणून विकतात. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला उन्हाबाबत भलतंच हळवं करतं. डॉक्टर सोरालेन वापरतात, पण मोजून, मिनिटांच्या हिशेबात. एका गिऱ्हाइकाच्या पोराने मे महिन्यात पिंडरीला बावचीचं तेल लावलं आणि गच्चीवर अर्धा तास पाय पसरून बसला. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड. फोड बसले, आणि त्यांच्या कडेने नवे डाग आले. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, तेव्हा तिचं चूर्ण तर नकोच.

'साधं जीवनसत्त्व' म्हणून मोजदाद सोडणं

मावशींच्या पाच पाकिटांत ई दोनदा आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड दोनदा होतं. हे सगळ्यांच्या घरात होतं, कारण त्वचेचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, आणि भाचा तिसराच. उपाय एकच. सगळ्या स्ट्रिपा घेऊन एकाच फार्मासिस्टसमोर बसा आणि घटकांची नावं एका कागदावर उतरवा. कंपनीची नावं नकोत, घटकांची हवीत.

अल्फा लिपोइक अ‍ॅसिडने साखर आणखी उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर घाम, थरथर याकडे लक्ष ठेवा आणि साखरेच्या डॉक्टरांना कळवा. गिंको आणि जास्त मात्रेतलं ई यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दात काढायचा असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी गिंकोच्या वाटेला जाऊ नये. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात. लोक मग केसांसाठी आणखी एक गोळी मागतात, तिच्यातही सेलेनियम! झिंक महिनोन्‌महिने भरमसाट घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. मुतखड्याची सवय असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या रोज चघळू नयेत. आपल्याकडच्या उन्हात पाणी तसंही कमी पडतं.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगतो. बीटा-कॅरोटीन असलेली कॅप्सूल घेऊ नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ ची गोष्ट आहे, आणि अजूनही अँटिऑक्सिडंटची बाटली उचलताना कुणी हे विचारत नाही. गाजर खायला हरकत नाही, प्रश्न कॅप्सूलचा आहे.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांना यातलं काहीच चिठ्ठीशिवाय नको.

ग्लुटाथायोनचंही सांगून टाकतो. तेही अँटिऑक्सिडंटच, म्हणून 'कोडावर चालेल ना?' असं विचारतात. हेच ते गोरं होण्यासाठी सलाइनमधून टोचून घेतात, कारण ते मेलॅनिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणतं. रंग आणायला निघालेल्याने गोरेपणाचं इंजेक्शन घ्यावं, याला काय म्हणावं?

लिंबू बंद, क जीवनसत्त्वाची गोळी चालू

आंबट बंद, मासे-दूध एकत्र नको, पांढरं खायचं नाही. ही पथ्यं सोलापुरातल्या प्रत्येक घरात आजीकडून मिळतात. आंबट खाल्ल्याने कोड वाढतं याला पुरावा नाही. गंमत अशी की मावशींनी चिंच, लिंबू, दही चार महिने सोडलं होतं आणि रोज क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची आंबटगोड गोळी चघळत होत्या. तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याचंही तसंच. रंग बनवणाऱ्या विकरात तांबं असतं हे खरं, पण कोड तांब्याच्या कमतरतेने होत नाही. आणि त्या लोट्यात ताक किंवा लिंबूपाणी ठेवलंत तर तांबं उतरून मळमळ, उलट्या व्हायच्या.

डाळिंबाचा विषय इथे निघणारच, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे. डाळिंब जरूर खा, अँटिऑक्सिडंटने भरलेलं फळ आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, सगळं खा. फक्त डाळिंबाच्या रसाने डाग भरेल म्हणून लाइटची तारीख चुकवू नका.

लाइट घेताना होणारे घोळ

लाइट आठवड्यातून दोन-तीनदा, सलग दोन दिवस नाही. जाण्याआधी डागावर तेल, जाड क्रीम, सनस्क्रीन नको. थराखाली किरण पोचत नाहीत, आणि बावचीसारखं काही लावलेलं असेल तर भाजतं. घेतल्यावर हलकी गुलाबी झाक यावी आणि चोवीस तासांत जावी. लाली त्यापुढे टिकली, दुखलं किंवा फोड आला, तर पुढच्या वेळी खुर्चीत बसायच्या आधी सांगा. बार्शी, अक्कलकोट, मोहोळहून एसटीने येणाऱ्यांच्या फेऱ्या सुगीत, लग्नसराईत हमखास चुकतात. दोन-तीन आठवड्यांची गॅप पडली तर तीही सांगायची, कारण मात्रा खाली आणून पुन्हा चढवावी लागते. येणं जमतच नसेल तर घरी वापरायच्या हातातल्या छोट्या यंत्राबद्दल डॉक्टरांना विचारा. दुपारचं ऊन हा त्याला पर्याय नाही. दहा-बारा वेळा घेऊन 'काही नाही' म्हणू नका. लाइटचा निकाल सहा महिन्यांनी लावायचा असतो.

एप्रिलचा धसका आणि डिसेंबरचा आनंद

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. एप्रिल-मेमध्ये दुकानात 'डाग वाढला' म्हणणाऱ्यांची रीघ लागते. पारा चाळिशीपार गेलेला असतो, भोवतालची चांगली कातडी रापून काळी पडते, आणि डाग आहे तेवढाच असून दुप्पट पांढरा दिसतो. लोक घाबरून गोळी बदलतात. मग थंडी येते, रापलेपण उतरतं, डाग पुसट वाटतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नव्या गोळीचा जयजयकार झालेला असतो. खरं तर जुनीने काही बिघडवलेलं नसतं आणि नवीने काही केलेलं नसतं. आजूबाजूच्या कातडीला सनस्क्रीन लावा, पूर्ण बाह्या घाला. तेवढ्याने हा खेळ निम्मा होतो.

नजरेवर विसंबू नका, मोजा. मोबाइलने महिन्यातून एकदा फोटो काढा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून. डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप राहतं. हातापायाच्या डागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा धरून स्केचपेनने कड गिरवा आणि तारीख टाका. चार महिन्यांचे चार तुकडे एकावर एक ठेवले की वाद संपतो.

कडा रेखीव आणि जरा गडद होत असतील, आत केसांभोवती तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसत असतील, तर काम चालू आहे. हात लावू नका, काही बदलू नका. उलट कड धूसर होत असेल, आसपास फोडणीतल्या मोहरीएवढे पांढरे ठिपके विखुरले असतील, खरचटल्या जागी नवे डाग उठत असतील, तर कोड जोरात आहे. तिथे अँटिऑक्सिडंट बदलत बसण्यात महिने घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अशा वेळी ते आठवड्यातून दोनच दिवस घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिने देतात. त्या शेजारणीच्या चिठ्ठीवर घ्यायच्या नसतात. स्टेरॉइडची ट्यूबही मनाने वर्षभर चोळायची नाही, कातडी कागदासारखी पातळ होते. टॅक्रोलिमस मात्र पहिले काही दिवस चुरचुरतं म्हणून फेकू नका, ते बहुधा आपोआप कमी होतं.

त्या दिवशी मावशींना मी एकही गोळी विकली नाही. नसांची गोळी चालू ठेवा, बाकीची चार डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाजूला ठेवा, टिकली आजपासून बंद, असं सांगितलं. त्वचेच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस आणि लाइट सुरू केलं, मिश्र कॅप्सूल कायमची काढून टाकली.

मार्गशीर्षात त्या नातवाचा मोबाइल घेऊन आल्या. फोटो शिस्तीत काढलेले, तारखेसकट. ऑगस्टच्या फोटोत कपाळाशी रुपयाचं नाणं धरलेलं, नोव्हेंबरच्या फोटोत डाग नाण्यापेक्षा कितीतरी लहान. मी खूश झालो, आणि मग फोटो मोठा करून बघितला. नोव्हेंबरचं नाणं दहाचं होतं.

"रुपया सापडंना की ओ दादा," मावशी म्हणाल्या.

गल्ल्यातून एक रुपया काढून दिला आणि तिथेच, दाराच्या उजेडात, फोटो पुन्हा काढला. डाग लहान झाला होता, पण मघाशी वाटला तेवढा नाही. खालच्या कडेला मात्र चार तपकिरी ठिपके स्पष्ट दिसत होते.

रुपया त्यांनी परत दिला नाही. पुढच्या महिन्यासाठी ठेवते म्हणाल्या.